म्हशी नसलेला गोठा

वानखडे सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून दुधातली फॅट मोजून घेत होते. "रुक्सानाताई, बाबा गेले," एवढंच ती बोलली. मी मुलांना पुढचं काम सांगितलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. सरांचा चेहरा डोळ्यांसमोर येण्याआधी दुसऱ्याच एका माणसाचा चेहरा आला... आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता हा माणूस सरांवर भाषण करणार. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. मीही लिहीन, कारण सर गोड लिहावं असेच होते. पण हा लेख मी रागानं लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. तो राग माझा आहे, आणि त्यातला बराचसा मला सरांकडून मिळाला आहे.

प्रल्हाद वानखडे आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या एका खासगी कृषी महाविद्यालयात पशुविज्ञान शिकवायचे. मी डोणगावची, रोज तिथूनच यायचे. अब्बांचं शिवणकामाचं दुकान, घरात साधी कोंबडीही कधी पाळलेली नाही. कृषीला आले ती पिकांचं शिकायला. जनावरांचा विषय वाट्याला येणार हे वेळापत्रक पाहिल्यावर कळलं. पहिला तास वर्गात नव्हताच. सरांनी आम्हाला थेट महाविद्यालयाच्या गोठ्यावर नेलं. मी ओढणी नाकाशी धरून अगदी शेवटी उभी राहिले, आणि सरांनी नेमकं मलाच पुढे बोलावलं. समोर बिजली नावाची म्हैस होती. भुरकट रंगाची, लांब तलवारीसारख्या शिंगांची, आपल्याच पूर्णेच्या खोऱ्यातल्या जातीची. "हात ठेव," सर म्हणाले. "उजव्या कुशीवर. भिऊ नको, तिले तुह्यापेक्षा जास्त अक्कल हाये." मी हात ठेवला. कातडीखालून काहीतरी टणक माझ्या तळव्यावर आदळलं आणि मी किंचाळून मागे सरले. पोरं हसली. सर हसले नाहीत. "रेडकू हाये ते," ते म्हणाले. "त्यानं तुले लाथ मारली. आता तू त्याची झाली."

त्या दिवसापासून आमची अख्खी बॅच बिजलीची झाली. तिला काय खाऊ घालायचं, किती फिरवायचं, कास कधी भरू लागते, हे सर शिकवत गेले आणि आम्ही बघत गेलो. परीक्षेचं कोणालाच काही वाटेनासं झालं. बिजली व्याईल तेव्हा आपण तिथं असायचं, एवढंच डोक्यात. मुलांनी तर रेडकाच्या नावावरून भांडणंही केली होती.

मग सर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. ते परत आले तेव्हा गोठा रिकामा होता. संस्थेच्या सचिवांनी... त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणते... सगळी जनावरं विकून टाकली होती. चारापाण्याची कटकट नको, आवारात शेणाचा वास नको, आणि हल्ली सगळं पडद्यावर दाखवता येतं, असं त्यांचं म्हणणं. सर त्यांच्या खोलीत गेले तेव्हा आम्ही दाराबाहेर होतो. "गाभण म्हैस होती, भाऊसाहेब. माह्या पोरायले दाखवायची होती," सरांचा आवाज आला. भाऊसाहेब म्हणाले, "अहो सर, म्हशीत काय पाहायचं असते? अर्धा तालुका म्हशीच पाहून राह्यला." आणि खोलीतले लोक हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं. सर बाहेर आले तेव्हा त्यांची मान लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाचा तास होता. पडद्याच्या खोलीत जायचं असा निरोप होता. सर आम्हाला रिकाम्या गोठ्यात घेऊन गेले. बिजलीच्या दावणीसमोर उभे राहिले आणि जणू ती तिथंच उभी आहे अशा थाटात शिकवू लागले. इथे तिचं डोकं, इथे खांदा, इथे कास. पण सुरुवात करण्याआधी म्हणाले, "ही म्हैस इथं काऊन नाही, ते पहिले सांगा." आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. "सांगा बे! ज्याले ते सांगता येत नाही त्याले पुढचं शिकून काय करायचं?" शेवटी कोणीतरी हळूच म्हणालं, "भाऊसाहेबांनी विकली." मग शिकवणं सुरू झालं. त्यानंतर प्रत्येक तास असाच. हवेत म्हैस, समोर आम्ही, आणि तासाच्या आधी ते एक वाक्य. प्राचार्यांनी समज दिली, सरांनी मान डोलावली आणि पुन्हा आम्हाला गोठ्यात नेलं. पुस्तकातला सूड मोठमोठ्या गोष्टींचा असतो. सरांचा सूड रोजचा होता, वेळापत्रकात बसवलेला.

वर्ष संपता संपता तपासणी समिती यायची ठरली. त्या सकाळी आम्ही आवारात पोहोचलो तर गोठा भरलेला! धुतलेल्या, शिंगांना तेल लावलेल्या म्हशी ओळीनं बांधलेल्या, पुढ्यात हिरवा चारा. रातोरात आणलेल्या असणार. भाऊसाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत फिरत होते. सर म्हशी घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याशी बोलत उभे होते. बोलणं संपवून ते आमच्याकडे आले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "रुक्साना, आज माह्याजवळच राह्यजो."

समिती गोठ्यात आली. पाहुण्यांपैकी एका वयस्कर बाईंनी विचारलं, मुलं जनावरं नीट ओळखतात का? "विचारा न," सर म्हणाले आणि मला पुढे केलं. कडेच्या म्हशीकडे बोट दाखवून बाईंनी हिचं वेत कितवं, म्हणजे ही किती वेळा व्यायली, ते विचारलं. मी म्हशीकडे पाहिलं. तिचा डावा कान टोकाला फाटलेला होता. मी सरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"तिसरं वेत," मी म्हणाले. "पहिल्या वेताला रेडा झाला, तो वाचला नाही. सकाळी जास्त दूध देते, संध्याकाळी कमी. अनोळखी माणूस धार काढायला बसला की पान्हा चोरते."

बाई खूष झाल्या. "इतकं बारकाईनं! रोज काम करता वाटतं हिच्यावर?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "ही आमच्या गल्लीतल्या शांतामावशींची म्हैस आहे, डोणगावची. आमच्या घरी हिचंच दूध येतं. ही इथे कशी आली मला माहीत नाही. काल तर घरीच होती."

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला. त्यांना इतकं उघडं पडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, ते पाहताना मला जो आनंद झाला तो निकालाच्या दिवशीही झाला नाही.

समितीच्या अहवालानं पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबले. भाऊसाहेबांनी अब्बांना बोलावून घेतलं. पण अब्बा पोहोचायच्या आधी सर त्यांच्या खोलीत जाऊन उभे होते. "पोरीले मी उभं केलं. जे बोलायचं ते मले बोला." भाऊसाहेब बोलले नाहीत. त्यांनी केलं. सरांचे तास काढून घेतले आणि त्यांना भांडारात, खताच्या पोत्यांशेजारी खुर्ची टाकून बसवलं. सुरुवातीला मुलं खिडकीशी जायची, शंका विचारायची, सर खिडकीतूनच शिकवायचे. मग वर्गात सांगण्यात आलं, की भांडारापाशी जो दिसेल त्याचे प्रात्यक्षिकाचे गुण आमच्या हातात आहेत. खिडकी ओस पडली. तोवर मी पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडले होते. सुट्टीत भेटायला गेले की दिसायचं... ज्यांना सरांनी शिकवलं ती पोरं मान खाली घालून समोरून निघून जायची, आणि सर त्यांच्या चालण्याकडे बघत राहायचे. निवृत्तीपर्यंत त्यांना पुन्हा वर्ग मिळाला नाही. म्हशी विकल्या, अपमान केला, ते एक वेळ मी विसरेन. शिकवणाऱ्या माणसासमोरून शिकणारी पोरं उचलून नेली, हे मात्र मी भाऊसाहेबांना कधीही माफ करणार नाही.

शेवटची भेट देऊळगाव राजाला, त्यांच्या घरी झाली. सर फार वाळले होते, पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "सर, सोडून द्या आता ते. मनाला त्रास नको."

"काऊन सोडू?" ते ताडकन म्हणाले. खोकला आला, काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पाणी दिलं, पण बोलणं थांबेना. "त्याहीनं सोडलं का मले? माफ करून टाका म्हणतेत सारे. माफी मांगली कोणं? अन् आयक... मी गेल्यावर तो बोलायले येईन. त्याले बोलू देजो नको."

काकू पदरानं त्यांचं तोंड पुसत होत्या.

तेराव्यानंतर संस्थेनं शोकसभा ठेवली. भाऊसाहेबांनी स्वतः घरी जाऊन सरांचा फोटो मागून आणला होता. सभागृह भरलं होतं. फोटोला मोठा हार, आणि घोषणा अशी की नव्या पशुविज्ञान कक्षाला वानखडे सरांचं नाव देणार, फोटो तिथेच लावणार. कक्ष म्हणजे तीच पडद्याची खोली! भाऊसाहेब उभे राहिले, घसा खाकरला. "वानखडे सर म्हणजे आमच्या परिवारातले..."

मी उठले. "भाऊसाहेब, बिजली कुठे आहे?"

ते थांबले. "कोण?"

"सरांची म्हैस. गाभण होती. तुम्ही विकली."

कोणीतरी मला बसायला सांगितलं. मागच्या रांगेतून एक दाढीवाला माणूस उठला, आमच्याच बॅचचा, पूर्वी शेवटच्या बाकावर बसणारा. "सांगा न भाऊसाहेब," तो म्हणाला. "आम्ही हे सांगितल्याशिवाय सर तास सुरू करत नव्हते." आणखी दोघेतिघे उभे राहिले. त्यांत मान खाली घालून जाणारेही होते... आज मान वर होती.

एवढ्यात पहिल्या रांगेतून काकू उठल्या. सावकाश मंचावर चढल्या. फोटोचा हार दोन्ही हातांनी काढला आणि भाऊसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. "फोटो माह्या घरचा हाये," त्या म्हणाल्या. "हार तुमचा. तो ठेवून घ्या." फोटो छातीशी धरून त्या मधल्या वाटेनं बाहेर चालत गेल्या आणि अर्धं सभागृह त्यांच्यामागे उठलं. भाषण झालंच नाही.

आता मी शेजारच्या जिल्ह्यात शिकवते. माझ्याकडे गोठा आहे आणि त्यात जनावरं आहेत. ती जातील त्या दिवशी मीही जाईन, हे मी नोकरी धरतानाच सांगून टाकलं होतं. थंडीच्या दिवसांत सर म्हशीला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर खसाखसा चोळायचे. गार हातानं जनावर दचकतं. मला त्यांनी हे कधी शब्दांत शिकवलं नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून ते माझ्या हातात आलं. परवा सकाळी गोठ्यात मागे वळून पाहिलं, तर सगळा वर्ग ओळीनं उभा राहून तळवे चोळत होता. एकानंही सरांना पाहिलेलं नाही. भाऊसाहेबांनी सरांना एका खिडकीत कोंडलं होतं... या एवढ्या हातांना आता त्यांनी कोंडून दाखवावं.