घरची भाकरी, बीबीजानचा रस्सा

पौडच्या बाजारात बीबीजानची खानावळ होती, पण तिथं भाकरी मिळत नसे. मिळायचा तो फक्त मटणाचा रस्सा. नवरा पीरमहंमद गेल्यावर तिनं एका पातेल्यावर खानावळ मांडली. भाकऱ्या थापायला दुसरे हात नव्हतेच. मग ज्यानं त्यानं घरची भाकरी फडक्यात बांधून आणायची, पाटावर बसायचं आणि वाडगं पुढं करायचं, हीच रीत पडली. माले गावचा गेणबा तर बैल सोडायच्या आधी दारातून विचारायचा, "चाची, झणका किती हाय आज?"

"आय आठवंल येवढा."

त्र्याऐंशी साली तिच्या लेकानं, रफीकनं, खानावळ सुधारली. तो पुण्याच्या हॉटेलात काम करून आला होता. पाट गेले, सनमायकाची टेबलं आली. भिंतींना पोपटी रंग, कोपऱ्यात बेसिन, वर आरसा. आणि दारात पुण्यातल्यासारखी पाटी: 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू नयेत.'

रफीकनं ती वाचून दाखवली तेव्हा बीबीजान म्हणाली, "बरं केलंस. शेजारची भजी आणून हितं तेल सांडत्यात मेले."

बाजाराचा दिवस आला. रस्सा उकळून उकळून आटायला लागला, तरी टेबलं रिकामीच. असाच आणखी एक बाजार गेला तर चूल विझवावी लागेल, हे तिला कळत होतं. पदराला हात पुसत ती बाहेर आली. समोर उंबराखाली गेणबा आणि त्याचा चुलत भाऊ बहिरू कांद्याशी भाकरी खात बसले होते.

"पाट काढलं म्हणून रुसला व्हय रं?"

"न्हाई चाची. मास्तरांनी पाटी वाचली. भाकरी भाईर ठेवून आत यायचं म्हनं."

बहिरूनं करंगळी वर केली, ओठांचा चंबू केला आणि मामलेदारासारखा नाकातून बोलला, "अहो बाई, एक रस्सा द्या. भाकरी नको. आम्ही चमच्यानं पिऊ."

उंबराखालचे सगळे हसले. बीबीजानला ठसकाच लागला.

"भाकरी कवापासून भाईरची झाली रं? घरची असती ती," म्हणत ती आत गेली.

रफीक गल्ल्यावर होता. "अम्मा, मोठ्या हॉटेलात असंच असतं. आपण चपात्या ठेवू."

"कोण लाटणार? तू?"

तो गल्ल्यावरून उठला. मग खडू घेऊन त्यानं पाटीखाली लिहिलं: 'भाकरी चालेल.'

माणसं आली. वहाणा दारात काढून खुर्च्यांवर मांडी घालून बसली. बहिरू आधी आरशाकडं गेला आणि मिशा बघत राहिला. गेणबानं भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, पहिला घास घेतला. बीबीजान पळी धरून उभीच.

"चाची, चव जरा येगळी लागतीया."

"रंगाचा वास हाय त्यो. जाईल."

"जाऊ दे, जाऊ दे," म्हणत गेणबानं वाडगं परत पुढं केलं.