सीमेवरच्या टेबलावर दोघींचा संसार

ब्याऐंशी साली दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचं ठरलं ते कुसुममुळे. मी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. अकरा वर्षं फळ्यावर हिमालय काढत होते, पण सातपुड्यापलीकडचा डोंगर काही पाहिला नव्हता. एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते, तेव्हा कुसुम म्हणाली, "दरवर्षी त्या पोरींले न पाहिलेलंच सांगून राहिली तू. एक खेप पाहून तर ये."

"एकटी?"

"एकटी काहून वं? मी काय मेली का?"

कुसुम काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी, टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. आम्ही सहा वर्षं एकत्र राहत होतो, दोन खोल्यांत, एका स्टोव्हवर. लोक आम्हाला मैत्रिणी म्हणायचे. आम्ही एकमेकींच्या कोण होतो हे आम्हाला नीट माहीत होतं. त्याला चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द मात्र नव्हता.

तुम्ही जाणार असाल तर तेव्हाचा आमचा रस्ता सांगते. झाशीला गाडी बदलून लखनौ, तिथून गोरखपूर आणि पुढे बस. थ्री-टायरच्या लाकडी बाकांवर पाठीचा भुगा झाला. सोबत दशम्या, जवसाची चटणी आणि संत्र्याच्या बर्फीचा डबा होता. बर्फी लखनौपर्यंतसुद्धा पुरली नाही. पासपोर्ट लागत नव्हता. लकडगंजमधून एक मोठी पत्र्याची बॅग घेतली होती, दोघींत एकच. दोन बॅगा कशाला उचलायच्या? दोघींचा सगळा खर्च माझ्या दीड पगारात भागला.

पोखऱ्याला आम्ही पाच दिवस राहिलो. पहिल्या सकाळी तळ्याकाठी उभं राहून वर बघितलं. ढगांच्याही वर बर्फ होता! शाळेत मी समुद्रसपाटीपासूनची उंची पाठ करून घ्यायचे, पण मान किती मागे टाकावी लागते हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. खाणावळीत डाळ-भात, मोहरीच्या तेलातली पालेभाजी आणि मुळ्याचं लोणचं मिळायचं, वाढणारी बाई भात संपू द्यायची नाही. कुसुम म्हणाली, "इथं कोणी आपल्याले काही विचारूनच नाही राहिलं." खरंच होतं. होडीत एका फोटोवाल्याने आमचा फोटो काढला, डोक्याला डोकं लावून. नागपुरात असा फोटो काढायची आमची हिंमत झाली नसती.

खरेदी फारशी नव्हतीच. एक थर्मास, एक घडीची छत्री आणि एक लोकरीचं पांघरूण, दोघींना पुरेल एवढं रुंद.

परतताना दरड कोसळून नेहमीचा रस्ता बंद झाला. बस दुसऱ्याच वाटेने एका लहान चौकीवर आली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कस्टमचं ऑफिस म्हणजे टिनाच्या छपराखालचं एक लांब टेबल. आमच्या पुढे बसमधलंच एक नवीन जोडपं होतं. त्यांच्याकडे तीन बॅगा, टेपरेकॉर्डर आणि साड्यांचा गठ्ठा. अधिकाऱ्याने विचारलं, "फॅमिली?" नवरा म्हणाला, "हां जी." दोघांचा मिळून एक फॉर्म, बॅगांवर खडूची खूण, आणि तीन मिनिटांत ती दोघं चहाच्या टपरीवर.

मग आम्ही. मीही एकच फॉर्म भरला होता, वर दोघींची नावं. अधिकाऱ्याने तो वाचला.

"साथ में कौन है? जेन्ट्स कहाँ हैं?"

"जेन्ट्स नहीं हैं. हम दोनों हैं," मी म्हणाले.

"ये कौन लगती हैं आपकी?"

आजही हे लिहिताना कानशिलं तापतात. मी म्हणाले, "बहन."

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने पुन्हा फॉर्मकडे पाहिलं आणि हसला. "सरनेम अलग, शादी दोनों की नहीं. कैसी बहन?"

माझ्या त्या एका खोट्याने त्याच्या हातात कोलीत दिलं. बॅग उघडायला लावली. मागे अख्खी बस रांगेत उभी. तो म्हणाला, फॉर्म दोन, सामान दोन. "अपना-अपना अलग करो. यहीं, मेरे सामने."

बोला, काय वेगळं करणार? साड्या आम्ही दोघी आलटून पालटून नेसायचो. फणी एक, टूथपेस्ट एक, साबणाची डबी एक, डोकेदुखीचं मलम एक. तो काठीच्या टोकाने एकेक वस्तू उचलायचा, आतले कपडेसुद्धा, आणि विचारायचा, "ये किसका?" मी काहीतरी पुटपुटायचे, "मेरा," "उनका." कुसुम मात्र दर वेळी तेवढ्याच आवाजात सांगायची, "दोनों का."

पांघरूण उलगडून त्याने हात पसरून मापलं. "दो लेडीज, एक कंबल?" बाकीचे शिपाई हसले, रांगेतलेही काहीजण हसले. चहा पिऊन परत आलेला तो नवराही हसला. त्याच्या बॅगेत काय होतं ते कोणीही पाहिलं नव्हतं!

मग फोटो सापडला. अधिकाऱ्याने तो शेजारच्या शिपायाला दिला, त्याने पुढच्याला. कुसुम टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिसऱ्याच्या हातातून तिने तो काढून घेतला.

"फोटो पे ड्यूटी लगती क्या? नहीं ना? तो हाथ काहे को लगाया?"

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. त्याने रजिस्टर उघडलं. "नौकरी कहाँ करती हो दोनों? खबर करनी पड़ेगी." माझ्या शाळेत बिनबाह्यांचा ब्लाउज घातला म्हणून एका बाईंना समज दिली गेली होती. मी शाळेचं नाव सांगितलं. त्याने ते सावकाश, प्रत्येक अक्षर विचारून लिहिलं.

कुसुम म्हणाली, "मेरा भी लिखो. और नीचे लिखो गुनाह कौन सा किया. फिर उसकी नकल मेरे को दो. तुम्हारे बड़े साब को बुलाओ, मैं बैठी हूँ." आणि ती खरंच बाकावर बसली. दिवसभर ट्रंककॉलवर साहेब लोकांचं ओरडणं ऐकणारी बाई ती. ओरडणाऱ्या माणसाची तिला भीती नव्हती.

मोठे साहेब आले ते दोन तासांनी, जेवून. थर्मास पाहिला, छत्री पाहिली. "इसमें है क्या? जाने दो," म्हणाले आणि निघून गेले. माफी नाही, नकल नाही, बसही निघून गेलेली. टेबलावर पसरलेलं सगळं आम्ही पुन्हा त्या एकाच बॅगेत भरलं.

गाडीत झाशीपर्यंत कुसुम खिडकीकडे तोंड करून बसली. झाशीला मी चहा आणून दिला तेव्हा म्हणाली, "तू मले बहीण काहून म्हणलं?"

"भ्याले गं. नोकरी गेली असती."

"भेव मलेही होतं. तुझ्यापेक्षा जास्त. पण मी तुले दुसरं काही म्हणलं का?"

मी म्हणाले, "चुकलं माझं." तिने अर्धा चहा पिऊन उरलेला माझ्यापुढे केला.

घरी आल्यावर घरमालकीणबाईंना आम्ही तळं सांगितलं, बर्फ सांगितलं. चौकी नाही सांगितली. चौकीवरून पत्र येईल म्हणून मी वर्षभर शाळेतलं टपाल आलं की ऑफिसात डोकवायचे. पत्र आलं नाही. पण एका माणसाने टेबलामागे बसून माझ्या आयुष्याचं एक वर्ष असं नासवलं, आणि त्याला त्याची खबरही नसेल. त्याचा राग मला आज, सत्तरी ओलांडल्यावरही येतो. कुसुम म्हणते आता सोड. मी सोडणार नाही. त्या जोडप्याला तीन मिनिटं आणि आम्हाला दोन तास, हा फरक कुठल्या नियमात लिहिला होता, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

सुट्टी संपल्यावर आठवीच्या वर्गात मी पूर्ण तास हिमालय शिकवला, पहिल्यांदा पाहून आलेला. मुली पुढे झुकून ऐकत होत्या. शेवटी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही कोणासोबत गेल्या होत्या?"

"कुसुमसोबत."

"ती कोण, बाई?"

दार उघडं होतं, व्हरांड्यातून मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज येत होता. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "माझ्या घरचं माणूस."

"अच्छा," ती मुलगी म्हणाली आणि वहीत नकाशा पुरा करू लागली. चाळीस मुलींनी ते ऐकलं होतं. एकीलाही त्यात तपासण्यासारखं काही सापडलं नाही.