आबांचं तोंड जमेना

मेक्सिको नकाशावर कुठे आहे हे मला पटकन दाखवता येणार नाही, पण त्या देशाने आमच्या धुळ्याच्या घरात आठवडाभर जो पसारा मांडला तो मी जन्मात विसरणार नाही. लेकीच्या शाळेत प्रत्येकीला एकेका देशाची लोककला वाटून दिली होती. हिच्या चिठ्ठीत मेक्सिको निघालं. रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून चित्र करायचं, आणि तेही आपल्याच घरातल्या गेलेल्या माणसाचं. तिकडे म्हणे मेलेल्यांचा सण असतो. मोबाइलवर तिने नमुने दाखवले: भडक रंग, झेंडूची फुलं, जाळीदार कातरलेल्या पताका आणि मधोमध टोपी घालून हसणारा सांगाडा.

सांगाड्याला मी तिथल्या तिथे नकार दिला. माझे सासरे, आबा, जाऊन वर्षही झालं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्या नावाची घागर पुजून, डांगर-आंबे ठेवून पितर जेवू घातले, आणि आता त्यांच्या बरगड्या कातरत बसायचं? "माणसासारखा चेहरा कर," असं म्हटलं आणि तिथून माझा छळ सुरू झाला.

पतंगाचे कागद, जुन्या लग्नपत्रिका, साडीच्या खोक्यांची चमचमती झाकणं, सगळं बैठकीत पसरलं. गव्हाच्या पिठाची खळ मी शिजवायची, तिला लागलेल्या मुंग्याही मीच झाडायच्या. नवऱ्याने येता-जाता अक्कल पाजळायची, "आबांची टोपी अशी नसायची, जरा तिरकी असायची." "मग बसा आणि चिकटवा," म्हटलं की त्यांना नेमका फोन यायचा.

पण खरा वैताग अक्कांचा. आबा गेल्यावर सासूबाईंना आम्ही पिंपळनेरहून इकडे आणलं होतं. त्या खाटेवर बसून सगळं बघायच्या. लेक चित्र उचलून विचारायची, "अक्का, झाले का आबा?" अक्का डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्या आबा नहीत."

नाक बदललं. नहीत. मिशी पिकवली. नहीत. गाल बसवले, कपाळ वाढवलं, तरी नहीत. बरं, कसं हवं ते सांगतील तर शपथ! मी भिंतीवरचा हार घातलेला फोटो दाखवला. "त्या बी नहीत," म्हणाल्या. त्यात मात्र त्यांचं खोटं नव्हतं. आधार कार्डावरचं डोकं घेऊन फोटोवाल्याने खाली कोट आणि टाय डकवला होता. आबांनी जन्मात कोट घातला नाही.

मी लेकीला म्हटलं, दे नेऊन, बाईंनी कुठे आबांना पाहिलंय? ती ऐकेना. आबांची लाडकी होती ती. तिला मार्कांचं काही पडलं नव्हतं. अक्कांनी एकदा "हो, हेच" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्याच्यासाठी रोज चिकटवायचं, रोज सोलायचं. कागदाला भोकं पडायची वेळ आली.

शेवटी चित्र द्यायच्या आदल्या दिवशी, मी कचेरीतून दमून आले तर चेहरा पुन्हा कोरा. माझं टाळकंच सरकलं. "अहो अक्का, नाक नाही, डोळे नाहीत, मिशी नाही! मग आबा होते तरी कसे? एकदाचं सांगून टाका आणि सोडवा आम्हाला!"

अक्का चिडल्या नाहीत. हातातल्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, "माले काय ठाऊक, माय? सासू-सासरा व्हतात तवय डोकावर पदर. मंग पोरं मोठा व्हयनात, मंग सुना उन्यात. त्यास्ना तोंडकडे धड देखाले कोन देस? मंग सवयच पडी गई. धड देखं ते शेवटला. तवय डोया मिटेल व्हतात."

म्हणजे आबांचं तोंड त्यांनी धड पाहिलं ते एकदाच, आबांचे डोळे मिटल्यावर. मी माझ्या नवऱ्याकडे येता-जाता बघते, बहुतेक वेळा डोळे वटारून, पण बघते. ही बाई पन्नासेक वर्षं त्या माणसाला वाढत होती, त्याचे कपडे धूत होती. माझी चिडचिड कुठच्या कुठे गेली.

"मग तुम्हाला आठवतं तरी काय, अक्का?" लेकीने विचारलं.

"पाय," अक्का लगेच म्हणाल्या. "पाय बठ्ठा याद शेतस."

चित्रात पायांना जागाच नव्हती. मी खाली आणखी एक कागद जोडला. लेकीने तपकिरी पाय कातरले. अक्का खाटेवरून उतरून जमिनीवर बसल्या. डाव्या पायाचा अंगठा त्यांनी स्वतः फाडून वाकडा केला, टाचेला भेगा हव्यात म्हणून कागद चुरगळला, आणि खळ लावून दोन्ही पाय तळहाताने दाबून धरले. "ह्या," त्या म्हणाल्या. "ह्याच त्या."

लेक आनंदाने जवळजवळ ओरडलीच. मग कोऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "आणि तोंड कोणतं लावू, अक्का?"

अक्कांनी पायांवरचे हात काढले नाहीत.

"तोंड तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही देखेल शे."