ईमू-रेन कुठे गेले?

ग्लेनिस टॅम्बलिन निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवत होती, आणि ती बस शाळेत कधी वेळेवर पोचली असेल तर तो योगायोग. रस्त्यावर मरून पडलेल्या कांगारूवर गरुड उतरलेला दिसला, की बस कडेला उभी. मागे पोरांचा कितीही दंगा चालो, ही काच खाली करून दुर्बीण डोळ्याला लावणार. "गप्प बसा रे! त्याचं जेवण होऊ दे!" हेडमास्तरांनी एकदा बोलावून जाब विचारला, तर म्हणाली, "गणित उद्याही असतं सर. गरुड उद्या असेलच असं नाही." 

घर तिचं ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्यावर, गावाच्या अगदी शेवटच्या गल्लीत. मागच्या कुंपणापलीकडे कमरेइतक्या झुडपांचं रान थेट समुद्राच्या कड्यापर्यंत पसरलेलं. त्या रानात ईमू-रेन राहायचे. अंगठ्याएवढा जीव, नराचा गळा निळा, आणि शेपटी मात्र ईमूच्या पिसांसारखी विरळ, उसवलेली, सहाच पिसांची. एवढा लाजरा पक्षी, की आख्खा ऋतू सरला तरी शेपटीचं टोकसुद्धा दिसत नाही. दाट झुडपातून एक बारीक चिरर येते, त्यावरून ओळखायचं की स्वारी आहे. पक्षी पाहणारी म्हणवणारी ही सगळी माणसं खरं तर पक्षी ऐकणारी असतात. आधी कान, मग डोळे. ग्लेनिसच्या कानांचा तर गावात दरारा होता.

गेल्या हिवाळ्यापासून ती चिरर बंद झाली.

आधी तिला वाटलं, थंडी असेल. वसंत आला. कूकाबरा खिदळू लागले, मॅगपाय ताना घेऊ लागले, वॅटलला पिवळा बहर आला, पण ईमू-रेन गप्प. रोज सकाळी चहाचा मग घेऊन ती मागच्या पायरीवर बसायची आणि कान टवकारून ऐकायची. चहा गार व्हायचा. असं होतंच कसं? रान जळलं नाही, कुणी तोडलं नाही, पाऊसपाणी झालं. मग गेले कुठे?

आणि एका सकाळी कुंपणाखाली तिला पिकल दिसला. पिकल म्हणजे शेजारच्या डेसचा तांबडा, लठ्ठ बोका. तोंडात पिसं.

पिसं कबुतराची होती. हे ग्लेनिसला लांबूनही कळलं होतं, कळायलाच हवं. पण मनात एकदा संशयाची पाल चुकचुकली, की मोठमोठ्या जाणकारांची अक्कल गहाण पडते. तिने सगळं खापर बोक्यावर फोडलं आणि तडक डेसच्या दारात गेली.

डेस ड्वायर हा निवृत्त प्लंबर, बायको शर्ली वारल्यापासून एकटा. पिकल हा शर्लीचा बोका. तिच्या खुर्चीवर तोच बसतो, डेस बसत नाही.

"डेस, तुझ्या बोक्याने माझे ईमू-रेन संपवले."

"तुझे काय?"

"रानातले. एकही उरला नाही. एकही!"

"अगं ग्लेन, रात्री तो घरातच असतो. दिवसा उन्हात लोळतो. त्याला धड पायऱ्या चढवत नाहीत."

"मांजर आहे ते डेस, तुझी आजी नव्हे."

डेसने वाद घातला नाही. पक्ष्यांमधलं आपल्याला काय कळतं, तिला कळतं, एवढंच त्याला ठाऊक. दोन-चार दिवसांनी कुंपणापाशी येऊन तो खाली बघत म्हणाला, "बेंडिगोला बहीण आहे माझी. तिच्याकडे देतो त्याला. येत्या रविवारी सकाळी भाचा न्यायला येईल." ग्लेनिसने मान हलवली. आपण बरोबर केलं असं तिला वाटलं, आणि तरी त्या रात्री जेवण काही गेलं नाही.

त्याच आठवड्यात ती मार्गोबरोबर उत्तरेला निघाली. मार्गो पेसी ही तिच्याहून पुष्कळ लहान, गावच्या दवाखान्यात नर्स, जिभेने तिखट. बेत जुना होता: तांबड्या वाळूच्या माळावर जाऊन तिथला ईमू-रेन पाहायचा. किनाऱ्यावरच्याचा हा चुलतभाऊ, त्याहून लहान, त्याहून दुर्मीळ. ग्लेनिस तीनदा गेली होती, तीनदा हात हलवत परत आली होती. "या खेपेला दिसला नाही ना," ती गाडीत म्हणाली, "तर दुर्बीण विकून विणकाम सुरू करते."

"नको गं बाई," मार्गो म्हणाली. "ते स्वेटर आम्हालाच घालावे लागतील."

शनिवारी सकाळी दोघी त्या माळावर पोचल्या. चहूकडे स्पिनिफेक्स गवताचे गोल गोल ठोंब, हात लावाल तर सुयाच सुया. वारा नव्हता. चालता चालता मार्गोने एकदम हात वर केला आणि जागच्या जागी थिजली.

"ऐकलंस?" ती कुजबुजली.

"काय?"

"काय म्हणजे? तो बघ. पुन्हा. तुझ्या डाव्या हाताला, त्या ठोंबात."

ग्लेनिसने श्वास रोखला. लांबवर एक कावळा ओरडला, तो तिला स्वच्छ ऐकू आला. ठोंबात काहीच नव्हतं.

"थट्टा पुरे हं मार्गो."

मार्गोने तिच्याकडे वळून पाहिलं, आणि तिच्यातली नर्स जागी झाली. "चल, गाडीत बस जरा."

जिवंत पक्ष्याजवळ त्याच्याच आवाजाची ध्वनिफीत वाजवायची नाही, बिचारा घाबरतो, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला समजून घरटंसुद्धा सोडतो. या पक्षीवेड्या मंडळींचा हा कडक नेम. म्हणून मार्गोने गाडीच्या काचा वर केल्या, मग फोनवर ईमू-रेनचा आवाज लावला आणि फोन ग्लेनिसच्या कानाशी धरला. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या रेघा नाचू लागल्या.

"लाव ना," ग्लेनिस म्हणाली.

"चालू आहे."

"मग आवाज वाढव."

"पूर्ण वाढवलाय गं."

ग्लेनिस त्या नाचणाऱ्या रेघांकडे बघत राहिली. मार्गो हळू आवाजात समजावू लागली, की वय झालं की सगळ्यात बारीक, उंच आवाज आधी जातात, बाकी सगळं नीट ऐकू येतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. ग्लेनिसचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला पहिल्यांदा दुःख झालं नाही, आधी भयंकर कुतूहल वाटलं: म्हणजे पक्षी गेलेच नव्हते? सगळा वेळ तिथेच होते? मग तिला कुंपणापाशी खाली बघत उभा राहिलेला डेस आठवला.

"पिकल," ती म्हणाली. "मार्गो, उद्या सकाळी पिकलला नेतायत. गाडी काढ."

"अगं पण तो इथे आहे, पाच पावलांवर! पाच मिनिटं थांब, दाखवते तुला."

"पाच मिनिटं म्हणता म्हणता संध्याकाळ होते, मला माहीत नाही होय? काढ गाडी."

वाटेत रेंज आली तेव्हा तिने डेसला फोन लावला. डेसचा फोन नेहमीप्रमाणे ड्रॉवरमध्ये वाजत राहिला. "निरोप ठेव ना," मार्गो म्हणाली.

"यंत्राची माफी मागू?" ग्लेनिस फणकारली. दोघी गावात पोचल्या तेव्हा डेसकडचे दिवे मालवले होते.

रविवारी उजाडताच ती शेजारी गेली. डेस मागच्या पायरीवर बसला होता, शेजारी प्रवासाचा पिंजरा, आत पिकल. जाळीतून बोटं घालून डेस त्याचं डोकं खाजवत होता. भाचा अजून यायचा होता.

"डेस, त्याला बाहेर काढ. पक्षी कुठे गेले नाहीत. माझे कान गेले."

डेसला काही उमगेना. तिने गवताच्या ठोंबापासून फोनपर्यंत सगळं सांगितलं, एकही शब्द न गिळता. "चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. म्हणजे, बोका काही संन्यासी नव्हे. त्याला जाळीचं अंगण बांध, मी मदत करते. पण हे त्याने केलं नव्हतं, आणि मी तुझ्या दारात येऊन नाही नाही ते बोलले. मला लाज वाटते डेस."

डेसने आधी पिंजऱ्याची कडी काढली. पिकल बाहेर आला, दोघांकडे पाठ करून बसला आणि पंजे चाटू लागला. मग डेस डोकं खाजवत म्हणाला, "थांब हं. कुंपणापलीकडे रोज सकाळी ते चिरर-चिरर चालतं, ते काय मग?"

"तुला ऐकू येतं?"

"येतं म्हणजे? झोपू देत नाही मेलं! मला वाटलं, ते वेगळे कोणीतरी असतील. तू म्हणालीस ना, संपले. तुला कळत नाही तर कोणाला कळणार?"

ग्लेनिस पायरीवर बसली. "आत्ता आहे?"

"आहे की. त्या वाकड्या झुडपात. नाही, जरा उजवीकडे. खाली. हां, तिथेच."

तिने गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली. पानांच्या फटीत, कोवळ्या उन्हात, अंगठ्याएवढा नर बसला होता. इतका मोकळा तिला तो इतक्या वर्षांत कधी दिसला नव्हता. त्याची चोच उघडली. निळा गळा थरथरू लागला, शेपटीची सहाही पिसं हलू लागली. सगळं अंग गात होतं आणि तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. तिला आनंदही झाला आणि रडूही आलं, आणि काच धूसर झाली तरी तिने दुर्बीण खाली घेतली नाही.

"थांबला की सांग," ती म्हणाली.

डेस बराच वेळ कान देऊन बसला.

"अजून चालू आहे," तो म्हणाला.