काचेच्या आतली बोटं

परवा शेगडीमागच्या भिंतीवर मी स्वतः काच बसवली. फोडणीच्या शिंतोड्यांनी पिवळी पडलेली भिंत आधी घासून पांढरीशुभ्र रंगवली, आणि "त्यात काय मोठंसं, माणूस कशाला बोलवायचा?" हे घरात दोनदा ऐकवूनही झालं.

काच चिकटवताना ती माझ्या हातातून घसरायला लागली. मी ओरडलो. बायको लोणच्याच्या फोडींना हळद चोळत होती, ती तशीच धावत आली आणि तिनं मागे हात घालून काच सावरली. आता काच अगदी सरळ बसली आहे. फक्त तिच्या आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, पाच पिवळी बोटं उमटली आहेत.

सकाळपासून तीनदा फडका मारून झाला.

"अहो, किती घासाल? आतून आहे ते," बायको म्हणाली.

ते मलाही दिसतंय! काढायला जावं तर काच फुटणार, आणि ठेवावी तर रोज चहा उकळेपर्यंत तीच बोटं बघत उभं राहायचं. डाग पडू नयेत म्हणूनच केला ना हा उपद्व्याप? रोजचे शिंतोडे एका हातासरशी पुसले जातात, आणि घाईत एकदाच पडलेला डाग मात्र कायमचा घर करून बसतो.

संध्याकाळी शेजारचे काका काच बघायला आले.

"एकट्यानं बसवलीत?"

"एकट्यानंच," मी म्हणालो.

काका वाकून काचेकडे बघत राहिले. बायको शेजारीच चहा गाळत होती. तिला बोलायची गरजच नव्हती.