परवडणारी फ्रेम

गेल्या मार्चमध्ये वहिनींचा फोन आला. लेकीसाठी कार्बनची रोड बाईक, म्हणजे शर्यतीची सायकल, घ्यायची आहे, पण फार महाग नको, तर तुम्ही फ्रेम निवडून द्याल का, असं त्यांनी अगदी सहज विचारलं. वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको, इथे आयर्लंडमध्ये ट्रलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मुलगी सोळा वर्षांची. मित्र दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडून गेला, आणि तो ज्या फ्रेमवर बसला होता ती मी निवडलेली होती. हे वहिनींना ठाऊक होतं. ती निवडताना मी एक गोष्ट ऐकली होती आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, हे मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. फोनवर मी "हो, बघतो ना" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तो नागपूरचा, मी पुण्याचा. दोघंही सॉफ्टवेअरवाले, दोघंही घरून काम करणारे. ओळख इथल्याच एका गणपतीत झाली आणि सायकलमुळे टिकली. दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. तो माझ्या डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेच्या बाजूने, आणि तोंडाचा पट्टा चालू. त्याची सायकल ॲल्युमिनियमची, चांगलीच जड. माझी कार्बनची. ती घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं, पण तेवढ्यात मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागलो होतो. कुणी विचारो न विचारो, मी कार्बनवर व्याख्यान द्यायचो. तो म्हणायचा, पुणेकराला विचारलं की काम झालं बे, त्याले सगळंच समजते. चिडवणंच होतं ते, पण मला ते मनातून आवडायचं.

मग त्यालाही कार्बन हवीशी झाली. घर नुकतंच घेतलेलं, त्यामुळे नवी कोरी फ्रेम परवडणार नव्हती. चीनमधून थेट मागवायची बिननावाची फ्रेम त्याला नको होती. मी म्हटलं, वापरलेली घे. हल्ली सगळ्यांना डिस्क ब्रेक हवे असतात, म्हणून जुन्या पद्धतीच्या ब्रेकच्या उत्तमोत्तम फ्रेमा लोक मातीमोल भावाने काढून टाकतात. यात काही चुकीचं नव्हतं, आजही मी तेच सांगेन. अडचण एवढीच असते की कार्बन वाकत नाही, त्याला पोचा पडत नाही. आतून तडा गेलेला असला तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. त्यामुळे घेण्याआधी फ्रेम नाण्याने वाजवून बघतात. नळी धड असेल तर आवाज टणक येतो, आतले थर सुटले असतील तिथे बसका.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झालेला आनंद मी विसरलेलो नाही. मंडईत माठ आणि नारळ वाजवून घेण्यात माझ्या आईचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मी तिच्या पिशव्या धरून मोठा झालो. वाजवून पारखणं म्हणजे आमच्या घरचीच विद्या. इथेसुद्धा एशियन दुकानात बायका नारळ माझ्या हातात द्यायच्या, भाऊजी बघा हो जरा, म्हणून. कॉर्क शहरात एकजण मशीन लावून फ्रेम तपासून देतो, तिकडे नेऊ या का, असं मित्राने जाताना गाडीत विचारलं होतं. मी म्हटलं, मी काय मेलोय का?

विकणारा माणूस लिमरिकच्या रस्त्यावर राहायचा. काळी फ्रेम, लाल रेघ, दिसायला देखणी. त्याच्या गॅरेजमध्ये मी दोन युरोचं नाणं काढलं आणि कान लावला. वरची नळी छान वाजली. मागच्या बारीक नळ्या छान वाजल्या. पुढच्या चाकामागून तिरकी खाली जाणारी जाड नळी असते, तिच्या पोटाशी कुठल्याशा शर्यतीचा स्टिकर होता. तिथे नाणं बसकं वाजलं. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच. स्टिकरमुळे असेल, असं मी मनाशी म्हटलं. स्टिकर कागदाइतका पातळ होता. पण तोवर पाच मिनिटं मी दोघांना माझी करामत दाखवत होतो, तो आयरिश माणूस "फेअर प्ले टू यू" म्हणून कौतुकाने बघत होता, आणि अशा वेळी मधेच थांबून "मला इथे खात्री वाटत नाही" म्हणायला माझी जीभ रेटेना.

"अगदी खणखणीत," मी म्हणालो. "उचल."

पाच महिने त्याने ती चालवली. मग एका रविवारी डिंगलच्या खिंडीतून उतरताना मी पुढे होतो. रस्ता ओला होता. पायथ्याशी थांबून मी केळं खाल्लं, पाणी प्यायलो. तो येईना. फोटो काढत बसला असेल, असं वाटून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्या शिव्या मला अजून शब्दशः आठवतात. मग वरून एक गाडी आली, चालवणाऱ्या बाईने काच खाली केली आणि माझे कपडे बघून विचारलं, तुझ्याबरोबर आणखी कुणी सायकलवर आहे का. मी वर पोचलो तेव्हा कुणीतरी शेतकऱ्याने आपला कोट त्याच्या अंगावर घातला होता. यापुढचं मी लिहिणार नाही.

ओला रस्ता, वळणावरची खडी, वेग, असं गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, लिहून घेतलं. फ्रेमचे दोन तुकडे झाले होते, पण एवढ्या आपटण्यात फ्रेम तुटणारच, म्हणून कुणाला शंका आली नाही. वहिनींना ती सायकल डोळ्यांसमोर नको होती. मी ती माझ्या शेडमध्ये आणली आणि तिथे नीट पाहिली. नळी स्टिकरपाशीच दुभंगली होती. ताज्या तुटलेल्या कडेतले कार्बनचे धागे स्वच्छ आणि चमकदार होते. एका बाजूला मात्र, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, तुटलेली कड मळलेली होती. धूळ आणि तेल आत मुरलेलं. तो मळ एका दिवसाचा नव्हता. मी सायकल जुन्या चादरीत गुंडाळली आणि तिच्यापुढे रंगाचे डबे लावून टाकले.

हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. वस्तू वाजवून बघायची सवय मात्र सुटेना. टेबल, दार, स्वतःचं हेल्मेट, कशावरही बोट आपोआप जायचं आणि सगळंच बसकं वाजल्यासारखं वाटायचं. नारळ बायको आणायला लागली. रविवारी मी एकटा निघालो की डावीकडे एका सायकलीपुरती जागा सोडून चालवायचो. मुद्दाम नाही. मागून हॉर्न वाजला की लक्षात यायचं, आपण रस्त्याच्या मधोमध चाललो आहोत. मग कडेला सरकायचं म्हणजे त्याला ढकलल्यासारखं व्हायचं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण तो तिथे असायचा आणि गप्प असायचा. जिवंतपणी तो दोन मिनिटं कधी गप्प राहिला नव्हता, त्यामुळे त्या गप्प राहण्याची मला फार भीती वाटायची.

आणि आता त्याच्या मुलीसाठी फ्रेम निवडायची होती. मी सहा आठवडे लावले. एक्सेलची शीट केली, चाळीस फ्रेमा त्यात घातल्या. वजन, मापं, कार्बनचा प्रकार, गॅरंटी किती वर्षांची, कुणी कुठे तक्रार लिहिली आहे का. चीनची एक स्वस्त फ्रेम खरोखर चांगली होती, पण कुणा अनोळखी माणसाने तिला तडा गेल्याचा फोटो टाकला होता, म्हणून काढून टाकली. एक हलकी होती, म्हणून संशय आला. एक जड होती, तर तिच्यातही काहीतरी लपवलं असेल असं वाटलं. मुलगी मेसेज करायची, नो रश काका, यू आर ग्रँड. इथे 'ठीक आहे' म्हणायला ग्रँडच म्हणतात. तिच्या क्लबच्या उन्हाळी शर्यती तोंडावर आल्या होत्या आणि ती शाळेची जुनी सायकल दामटत होती. वहिनी दर रविवारी विचारायच्या, झालं का काही. मी दर वेळी म्हणायचो, एक-दोन बघतोय अजून.

शेवटी मुलीनेच मला दुकानात ओढत नेलं. तिथे गेल्या वर्षीचं एक मॉडेल होतं, नवंच, रंग कुणाला आवडला नाही म्हणून उतरत्या किमतीत आलेलं. तिच्या मापाचं होतं. पण तिचं लक्ष भिंतीवर टांगलेल्या एका वापरलेल्या फ्रेमकडे गेलं. ती निम्म्या किमतीला होती. आईचे पैसे वाचतील, असं ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, इथल्या केरी भागाच्या हेलात. मग तिने खिशातून नाणं काढलं, मान उजवीकडे कलती केली, बापासारखीच, आणि नळी वाजवायला लागली. बाबा नेहमी सांगायचे, ती इंग्रजीत म्हणाली, की काकांचा कान फार तयार आहे.

"सो, काका? इज इट ग्रँड?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. नाणं हलताना दिसत होतं, आवाज येत नव्हता. मी म्हटलं, आज राहू दे, मला बरं वाटत नाही. घरी परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही, आणि मला आधीपासून माहीत असलेली भीती वाटत राहिली.

ती वर तिच्या खोलीत गेली. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर सांगितलं नसतं. नाणं, स्टिकर, दोनदा आलेला बसका आवाज, कॉर्कला जायला मी घातलेला खोडा, शेडमधली ती मळलेली कड. काही गाळलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. शेवटच्या आठवड्यात त्याच्या सायकलमधून चढावर कटकट आवाज येत होता. त्याने तो वहिनींना बोलून दाखवला होता. भाऊजींना दाखवून घे, असं त्या म्हणाल्या होत्या.

"मग?" मी विचारलं.

"तो म्हणाला, पुणेकरानं कान लावून पाह्यली आहे. आता परत विचारलं तर त्याले वाईट वाटेल."

मी खुर्चीवर बसलो. मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. माझ्या मानापायी जीव घालवणारा असा कसा हा माणूस, असं वाटलं. आणि मग आठवलं की त्याला तसं वागायला मीच शिकवलं होतं, प्रत्येक रविवारी, थोडं थोडं. मी रडलो. वहिनी रडल्या नाहीत. पहिलं वर्षभर त्या माझे फोन मुद्दाम उचलत नव्हत्या, हेही त्यांनी सांगितलं. ड्यूटीवर होते, असं कळवायच्या, आणि घरीच असायच्या. राग अजून पुरता गेलेला नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या, एखाद्या पेशंटला ताप किती आहे ते सांगावं तसं.

मी विचारलं, मग मुलीची फ्रेम मला का निवडायला सांगितली? गावात दुकानं आहेत, क्लबात जाणकार आहेत.

"दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं एका दिवसात निवडून दिली असती," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सहा आठवडे एक निवडू शकला नाहीत. मले असाच माणूस पाहिजे होता."

वरून मुलीच्या पावलांचा आवाज येत होता. वहिनी माझ्यासमोर बसल्या.

"आता सांगा. कुठली घ्यायची?"

मी दुकानातल्या त्या नव्या, न खपलेल्या रंगाच्या फ्रेमचं सांगितलं. गॅरंटी आहे, माप बरोबर आहे, आणि तरीही ती आधी कॉर्कला नेऊन मशीनवर तपासून घ्यायची, दर वर्षी घ्यायची, कधी पडली तर त्याच आठवड्यात घ्यायची.

"नक्की?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "नक्की असं मला काही सांगता येत नाही."

"मग तीच घेऊ," त्या म्हणाल्या.