हिरव्या रंगाखालचं भोक

त्या सकाळी मी ओटची लापशी ढवळत होते आणि दार वाजलं. आमच्या फ्योर्डकाठच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीवरच्या वस्तीत शेजारी दार वाजवत नाहीत, "आहेस का गं?" म्हणत थेट स्वयंपाकघरात येतात. म्हणून हातातला डाव तसाच घेऊन मी दार उघडलं. शेजारचा हालवार्ड होता. ऐंशीला टेकलेला, कोपरापर्यंत तेलानं माखलेला.

"सिग्ने, बटाट्याचं पीठ आहे?"

"सॉस करतोयस की काय? आत ये."

"इंजिनाला लावायचंय. आत नको, तुझी जमीन काळी होईल."

"या जमिनीनं माझे दोन मुलगे सोसलेत. ये."

तो आला नाही. उंबरठ्यावरूनच म्हणाला, "अजून गळतंय गं."

त्याची बायको बोर्गिल्ड गेल्या शरद ऋतूपासून पलीकडच्या काठावर, वृद्धांच्या घरात असते. ती आता कुणाला ओळखत नाही. पण हालवार्डच्या जुन्या होडीचं एका सिलिंडरचं इंजिन पाण्यावरून टकटकत आलं की केस सारखे करते आणि नर्सना सांगते, "आमचा हालवार्ड आला." या वसंतात मात्र ते इंजिन तेल गाळायला लागलं. धक्क्याजवळच्या पाण्यावर तवंग दिसला आणि धक्क्याची देखभाल करणाऱ्या समितीनं बजावलं: गळती थांबेपर्यंत होडी सोडायची नाही. जूनअखेरच्या मिडसमर सणापर्यंत नाहीच थांबली, तर विजेची मोटर बसवायची.

"बिनआवाजाची," हालवार्ड म्हणाला. "तिला काय ऐकू येणार?"

लापशी बंद केली, पिठाचा डबा घेतला आणि मी त्याच्यामागोमाग धक्क्यावर गेले. त्यानं झाकणाचं पॅकिंग बदललं होतं, मग दांड्याचं ऑइल सीलही बदललं होतं. उपयोग शून्य. आम्ही रॉकेलच्या फडक्यानं इंजिन लख्ख पुसलं आणि केकच्या भांड्याला लावतात तसं त्यावर पीठ भुरभुरवलं. तेल ओघळत खाली येतं. ओलं जिथं दिसतं तिथूनच ते गळत असेल असं नाही. पिठावर पहिला डाग कुठे उमटतो ते बघायचं.

त्यानं इंजिन सुरू केलं. डाग एका जागी उमटलाच नाही. पॅकिंगच्या कडेनं, दांड्याभोवती, तेल मोजायच्या पट्टीपाशी, सगळीकडून एकदम तेल पाझरलं. पट्टी तर उतू जाणाऱ्या दुधावरच्या झाकणासारखी उडायला लागली.

"सगळंच एकदम मेलं की काय?" मी विचारलं.

"नाही. आत हवा कोंडलीय. दम सोडायला याला बाजूला एक भोक असतं..." त्यानं बोट फिरवलं. भोकाच्या जागी गुळगुळीत, ताजा हिरवा रंग होता.

आमच्याकडे होडी पाण्यात उतरवण्याआधी इंजिनाला दर वर्षी रंग देतात, खिडक्यांना देतात तसा. ते काम बोर्गिल्डचं. यंदा पहिल्यांदाच ते हालवार्डनं केलं होतं.

"काडी," मी म्हणाले. "बोर्गिल्ड त्या भोकात आगकाडी खोचायची आणि मग रंग द्यायची. ओला असतानाच काडी काढून घ्यायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुला कुठे दिसणार? तू धक्क्यावर कॉफी पीत तिच्या ब्रशला नावं ठेवायचास."

तो हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरून आले. त्यानं टोच्यानं रंग खरवडला. फुस्स करून हवा सुटली. आम्ही पुन्हा पुसलं, पुन्हा पीठ लावलं. या वेळी पीठ कोरडंच राहिलं.

मला वाटलं, आता हा खूश होईल. त्यानं इंजिन बंद केलं आणि तो फळीवर बसून राहिला.

"मग आज जातोस ना तिच्याकडे?"

"जातो. पण आत नाही जाणार."

"वेडा आहेस का?"

"आत गेलो की ती मला खुर्चीवरून उठवते, सिग्ने. म्हणते, आजोबा, तिथे नका बसू, माझा नवरा येतोय, होडी ऐकू नाही आली का? येतोय तोवर ती सुखात असते. मी आलो की सगळं बिघडतं."

तो बोटांवरचं पीठ पुसत राहिला.

"तू तिथल्या नर्सना फोन करशील? माझ्यानं नाही बोलवणार. दुपारी तिच्या खोलीची पाण्याकडची खिडकी उघडी ठेवा म्हणावं."